ठिणगीला काय दिलं होतं

१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या माळावर फोन लागत नाही. लागला तर तू "हं, हं" करतेस आणि मध्येच आवाज गडप होतो. म्हणून पत्रच बरं. शिवाय मला लिहायचा कंटाळा नाही, हे तुला ठाऊक आहे.

बातमी अशी, की माझी ठिणगी तुझ्याकडे येतेय. तुमच्या तबेल्याच्या मालकीणबाईंनी तिला पैदाशीसाठी घेतलं. कालच ट्रेनरसाहेबांच्या कारकुनाने सांगितलं. मी आणि ती एकाच आठवड्यात निवृत्त झालो. तिचे पाय अजून धडधाकट आहेत, माझे गुडघे गेलेत. पस्तीस वर्षांत माझ्या हाताखालून दीडएकशे घोडे गेले असतील, पण अकरा शर्यती जिंकणारी ही एकटीच. अकरा! शेवटच्या विजयाला भोंग्यावरून मोतद्दार म्हणून माझंही नाव पुकारलं होतं. तू तेव्हा परीक्षेत होतीस, पण कात्रण पाठवलं होतं, आठवतं ना?

तर ऐक. तिच्या कानांना एकदम हात लावू देऊ नकोस. खराऱ्याचा ब्रश आधी तिच्या नाकासमोर धरायचा, तिने हुंगला की मगच अंगाला लावायचा. बादली विसळल्याशिवाय ती पाणी पीत नाही. नखरे म्हण हवं तर. पण इतक्या वर्षांत तिने मला एकदाही लाथ मारली नाही.

माझ्या हातची घोडी माझ्या डॉक्टर भाचीच्या हातात जातेय. मामीला हे दिवसातून चार वेळा सांगतो. ती म्हणते, "कळलं हो, आता आंघोळीला जा."

तुझा,
मामा

५ मार्च

प्रिय मामा,

ठिणगी सुखरूप पोचली. गाडीतून उतरली आणि तबेल्याकडे असं बघितलं, जणू आम्हीच तिच्याकडे नोकरी मागायला आलोय. ब्रश हुंगायला दिला, बादली विसळली. तुझी भाची म्हणून मला मान आहे, असं समजायला हरकत नाही.

पण मामा, एक गोष्ट बरी दिसत नाही. तिची मान जाडजूड आहे, नर घोड्यासारखी. इतर घोड्यांमध्ये सोडली तर ती त्यांना चावते, पळवते, त्यांच्या पाठीवर चढायला जाते. आमचा जुना मोतद्दार म्हणाला, "ताई, कागद नीट वाचलेत ना? ही घोडी आहे की घोडा?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

दिवस मोठा होऊ लागला की घोड्या माजावर येतात. आमच्या सतराच्या सतरा आता येऊ लागल्यात, ठिणगी मात्र ढिम्म. माझ्या वरच्या मोठ्या डॉक्टरांनी काल तिला तपासलं. खांद्यापर्यंतचा मोजा चढवून त्यांनी हात आत घातला, मग मशीन लावून पडद्यावर दाखवलं. या दिवसांत अंडाशय चांगलं मोठ्या लिंबाएवढं असावं. हिचं बोराएवढं आणि टणक. त्यात बीज धरायची काही हालचाल नाही.

म्हणून विचारते. शर्यतीच्या दिवसांत तिला कसली इंजेक्शनं दिली होती का? ताकदीची, किंवा माज दाबून ठेवायची? आठवून सांग. यावर बरंच अवलंबून आहे.

मामीला नमस्कार.

तुझी,
भिंगरी

१३ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तिला मी शिळं पाणी पाजलं नाही कधी, आणि तू इंजेक्शनांचं विचारतेस?

दाणा, गवत आणि माझे हात. एवढंच तिला मिळालं. बाकी काही नाही. घोडी नवीन जागी गेली, रुसली असेल. माणसं नाही का, बदली झाली की चार महिने धड जेवत नाहीत. तुमच्या मोठ्या डॉक्टरांना म्हणावं, धीर धरा. मशीनमध्ये घोडीचं मन दिसत नसतं.

आणि तुमच्या त्या मोतद्दाराला सांग, की जिला तो घोडा म्हणतो, तिने भल्याभल्या घोड्यांना धूळ चारली आहे.

मामीचे गुडघेही आता माझ्यासारखेच कुरकुरतात. घरात दोन दारं आणि चार गुडघे, सगळेच वाजतात.

मामा

९ एप्रिल

प्रिय मामा,

हे पत्र लिहायला मी आठवडाभर टाळाटाळ केली.

मोठ्या डॉक्टरांनी ठिणगीला दोनदा पुन्हा तपासलं. काहीच बदल नाही. त्यांचं म्हणणं, हा जन्मदोष असावा. काही घोड्या अशाच जन्माला येतात. पळतात वाऱ्यासारख्या, पण गाभण कधीच राहू शकत नाहीत, त्यावर औषध नाही. मी म्हटलं, ताकदीच्या औषधांनीसुद्धा अंडाशय असंच आक्रसतं आणि तसं असेल तर औषध अंगातून उतरल्यावर ते परत कामाला लागू शकतं, आपण उपचार करू शकतो. ते म्हणाले, "पुरावा?" ट्रेनरला पत्र पाठवलं होतं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: कोणतंही औषध दिलेलं नाही.

डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "ट्रेनर असं लिहिणारच. मोतद्दाराला खरं माहीत असतं. तो तुमचा मामाच ना?"

मी सांगितलं, "मामाने नाही म्हटलंय. माझा मामा खोटं बोलत नाही."

तिथेच विषय संपला. मालकीणबाई वाईट नाहीत, पण त्या म्हणाल्या, "हा पैदाशीचा तबेला आहे, धर्मशाळा नाही." महिनाअखेरीला ठिणगी जाईल. एक माणूस डोंगरावर पर्यटकांना फिरवायला घोडी शोधतोय. दगडी वाटेवर, दिवसभर, जो बसेल त्याला घेऊन. मी एक हंगाम मागून बघितला, दिला नाही.

मला माफ कर. तुझी घोडी माझ्या हातात आली आणि मी काही करू शकले नाही.

भिंगरी

१२ एप्रिल

चि. भिंगरी,

हे पत्र रजिस्टर्ड पाठवतोय. मिळाल्याबरोबर वाच, आणि वाचून झाल्यावर मोठ्या डॉक्टरांच्या हातात दे.

मी खोटं बोललो.

ठिणगीला इंजेक्शनं दिली. मीच दिली, माझ्या हाताने. दर तीन आठवड्यांनी, मानेत. पिवळट, तेलकट औषध, बाटलीवरचं नाव खरवडलेलं असायचं. सोबत वही आहे. तीत प्रत्येक तारीख आहे. पहिलं इंजेक्शन ती तीन वर्षांची असताना, शेवटचं गेल्या अठ्ठावीस नोव्हेंबरला. मध्ये खंड फक्त दोनदा, तिला सर्दी झाली होती तेव्हा.

वही का ठेवली? लाज वाटते सांगायला. मला त्याचा अभिमान होता. ट्रेनरसाहेब म्हणायचे, "सुई फक्त तुझ्या हाताने. तुझ्या हाताला ती हलत नाही." दहा-बारा मोतद्दारांत सुई माझ्या हातात. म्हणून मी शाळेतल्या पोरासारखं तारखा लिहून ठेवायचो, हुकलं असं कुणी म्हणू नये म्हणून.

पहिलं वर्ष मला खरंच वाटायचं, टॉनिक आहे. शपथ घेऊन सांगतो. दुसऱ्या वर्षी तिची मान भरायला लागली, ती माजावर येईनाशी झाली. पलीकडच्या तबेल्यातला एक म्हातारा मोतद्दार म्हणाला, "अरे, तू तिचं घोडीपण मारतोयस." मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. मला कळलं होतं. पण ती जिंकत होती ना. आणि माझं नाव पुकारत होते.

तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, खरं सांगितलं तर तुझ्या लहानपणापासून मी ज्या गोष्टी सांगत आलो, त्या सगळ्या पुसल्या जातील. म्हणून नाही म्हटलं. पण "माझा मामा खोटं बोलत नाही" हे तू चार लोकांसमोर बोललीस, आणि त्या वाक्याने घोडी डोंगरावर निघाली. हे मला सोसवेना.

माझं नाव लपवू नकोस. वहीच्या पहिल्या पानावर मी सही केली आहे. कुणालाही दाखव. फक्त तिला पाठवू नका.

मामा

२८ एप्रिल

मामा,

पत्र वाचून दोन दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. ते सगळं इथे लिहीत नाही. भेटशील तेव्हा अर्धं सांगेन, अर्धं तोवर विसरलेलं असेल.

तिसऱ्या दिवशी वही घेऊन मालकीणबाईंच्या खोलीत गेले. मोठे डॉक्टर तिथेच होते. मी तुझं पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. "मी खोटं बोललो" हेसुद्धा. डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि प्रत्येक पान उलटून बघितलं. मग ते म्हणाले, "इतकी वर्षं घोड्यांत काढली, पण इतकी नेटकी नोंद डॉक्टरांकडूनही मिळाली नाही मला." आणि मालकीणबाईंकडे वळून, "हे दुखणं वेगळं आहे. माझं निदान घाईचं होतं." मामा, हा माणूस चूक कबूल करताना मी पहिल्यांदा बघितला. त्या दिवशी तुम्हा दोघांचाही मला सारखाच अभिमान वाटला, आणि तुझा रागही येतच होता. दोन्ही एका वेळी मावतं म्हणायचं मनात.

तिचं रक्तही तपासायला पाठवलं होतं. जन्मदोष नाही!

तर आता ऐक. या हंगामात काहीच करायचं नाही. औषध अंगातून पूर्ण उतरू द्यायचं, तिला मोकळ्या कुरणात सोडायचं. येत्या डिसेंबरपासून तिच्या ठाणात दिवे लावायचे. उजेड आणि दिवे मिळून रोजचे सोळा तास. तिच्या शरीराला वाटलं पाहिजे की दिवस मोठा झाला, आता पोरंबाळं व्हायला हरकत नाही. मग हार्मोन द्यायची. मालकीणबाईंनी एक हंगाम दिलाय. म्हणाल्या, "जबाबदारी तुमची, मोठ्या डॉक्टरांची नाही." मी हो म्हटलं.

भिंगरी

१९ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

इथे सगळं ठीक. सध्या पावसाला उघडीप आहे. मी सकाळी फिरायला जातो, पूर्वीसारखा तबेल्याकडे नाही, दुसऱ्या बाजूने. तिकडे रस्ता चांगला आहे.

कुरणात ती कुणाशी भांडते का? तिची मान उतरली का? मोजून लिही. पट्टी कानामागे बोटभर अंतरावर धर.

बाकी नवीन काही नाही.

मामा

३ सप्टेंबर

भिंगरी,

मामी लिहितेय. हे बाहेर गेलेत तेवढ्यात लिहून पेटीत टाकते. यांनी तुला "बाकी नवीन काही नाही" असं लिहिलं, ते मी पाकीट चिकटवताना वाचलं. नवीन काही नाही म्हणे!

हे शर्यतींच्या चौकशी समितीकडे गेले होते. आपणहून. मी म्हटलं, घोडीचं काम झालं ना, आता कशाला वारूळ उकरता? म्हणाले, "त्या तबेल्यात अजून चार शिंगऱ्या आहेत. सुई आता दुसऱ्याच्या हातात आहे." समितीसमोर तीन तास उभे राहिले, गुडघे दुखत असताना. खुर्ची दिली होती, घेतली नाही. ट्रेनर म्हणाला, हा मोतद्दार सूड घेतोय. हे म्हणाले, "सूड असता तर मी स्वतःचं नाव आधी कशाला सांगितलं असतं?" ट्रेनरचा परवाना एका वर्षासाठी काढून घेतलाय. यांचं मोतद्दाराचं ओळखपत्रही रद्द केलं. आता यांना कुठल्याच मैदानाच्या फाटकातून आत सोडत नाहीत.

जुने सोबती रस्त्यात दिसले की दुकानाच्या पाट्या वाचायला लागतात. एक मात्र मागच्या दाराने आला, यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. भिंतीवरचे फोटो यांनी स्वतः उतरवले.

एक सांगते, पण यांना कळू देऊ नकोस, नाहीतर डोक्यावर बसतील. त्या दिवशी समितीकडे निघताना इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस इतका देखणा दिसला नव्हता.

यांना पत्र लिही. घोडीचं लिही, बाकी काही नको.

मामी

१४ सप्टेंबर

प्रिय मामा,

ठिणगीची मान मोजली. तू सांगितलंस तिथेच, कानामागे बोटभर. मार्चपेक्षा चार बोटं कमी! चावणं थांबलंय. परवा एका लंगड्या म्हाताऱ्या घोडीशेजारी उभी राहून ती शेपटीने तिच्या माश्या हाकलत होती.

तिच्या ठाणावर पाटी लावायची होती. आमच्याकडे घोडीचं नाव आणि आधी ती कुणाच्या हाताखाली होती, एवढं लिहितात. मालकीणबाईंनी विचारलं, ट्रेनरचं नाव लिहायचं का? मी तुझं लिहिलं. पूर्ण नाव, मोठ्या अक्षरात. कुणी हरकत घेतली नाही.

भिंगरी

२६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

ठिणगी माजावर आली!

सविस्तर सांगते. दिव्यांचे दोन महिने होत आले आणि पडद्यावर तिची अंडाशयं फुगलेली दिसू लागली. आधी एकदोन बारीक फुगे, मग रांगच. पण त्यांतला एकही पुढे सरकेना. मोठे डॉक्टर म्हणाले, दारापर्यंत आलीय, आता आत ढकलायला हवं. मग मी बारा दिवस रोज सकाळी तिला तोंडातून हार्मोनचं औषध दिलं. ते शरीराला म्हणतं, "थांब, सगळे एका रांगेत उभे राहा." हातमोजे घालूनच द्यावं लागतं, कारण ते कातडीतून आत शिरतं आणि बायकांची पाळीही बिघडवतं. तिला चव आवडत नाही. पहिल्या दिवशी अर्धं माझ्या बाहीवर. दुसऱ्या दिवसापासून मी नळी आधी तिला हुंगायला दिली. मुकाट्याने घेतलं.

तेराव्या दिवशी औषध बंद आणि एक इंजेक्शन. त्यानंतर पाचव्या दिवशी नर घोडा कुंपणापलीकडून नेला, तर आमची महाराणी शेपटी बाजूला करून उभी! तोच जुना मोतद्दार, "घोडी आहे की घोडा" म्हणणारा, टोपी काढून म्हणाला, "घोडी आहे, ताई. शंका नाही."

एक फुगा चांगला मोठा झालाय. बीज वेळेवर सुटावं म्हणून आज आणखी एक इंजेक्शन दिलं. उद्या घोडा दाखवायचा.

मानेत सुई टोचताना मला तू आठवलास. ती हलली नाही, मामा. हाताची आठवण घोडीला राहते का, माहीत नाही. तारीख मी वहीत लिहिली, औषधाच्या नावासकट.

भिंगरी

१६ मार्च

मामा,

राहिली नाही. सोळाव्या दिवशी मशीन लावलं, रिकामं. पुन्हा प्रयत्न करते. हंगाम अजून आहे.

भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरी,

मोजून दोन ओळी लिहितो. ती पहिल्या शर्यतीत सातवी आली होती. हे मी कुणाला सांगत नाही.

मामा

२९ एप्रिल

प्रिय मामा,

पुढच्या खेपेला ती आपसूक माजावर आली. बारा दिवसांचं औषध लागलंच नाही. तिच्या शरीराला वाट सापडली होती. मी फक्त बीज सुटायचं इंजेक्शन दिलं.

आज सव्विसावा दिवस. पडद्यावर करड्या धुक्यात एक काळा गोळा, आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं. हृदय. मी मालकीणबाईंना हाक मारली. त्या चष्मा विसरल्या होत्या, तरी "दिसतंय, दिसतंय" म्हणाल्या.

गाभण आहे, मामा.

तुम्ही दोघं मार्चच्या सुरुवातीला इकडे या. मामीचे गुडघे आणि तुझे, सगळे घेऊन या.

भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

आम्ही काल सुखरूप पोचलो. मामी बॅगा उपसतेय, मी आधी पत्राला बसलो. तुझ्याकडे दहा दिवस राहिलो, पण तोंडावर बोलायचं ते राहूनच गेलं. मला समोर बोलता येत नाही, हे तू जाणतेस.

त्या सकाळी, सूर्य नुकता वर आला होता, आणि ठिणगी आडवी झाली. एक पाय बाहेर आला, नाक दिसलं, दुसरा पाय कुठे? मला एका नजरेत कळलं, पाय आत दुमडलाय. मी गुडघे विसरून ठाणात शिरलो आणि शिंगरू ओढायच्या दोरीला हात घातला. पस्तीस वर्षांची सवय. तर तू, कोपरापर्यंत हात आत, मान न वळवता म्हणालीस, "मामा, बाहेर हो."

मी म्हटलं, "अगं, पण..."

"बाहेर. आत्ता."

भिंगरी, माझ्या घोडीच्या ठाणातून मला कुणी कधी बाहेर काढलं नव्हतं. ट्रेनरनेही नाही. मी गेलो. मुकाट्याने गेलो आणि दाराबाहेर उभा राहिलो. बघतो तर शेजारी तुमचे मोठे डॉक्टर, हात मागे बांधून. मी म्हटलं, "तुम्ही आत नाही?" ते म्हणाले, "मलाही काढलंय."

मग आम्ही दोघे म्हातारे भिंतीला टेकून उभे. आत तुझा आवाज, शांत, जसा काही तू तिला अभ्यास समजावून सांगतेयस. तू पाय मागे ढकलला असशील, सरळ केला असशील, मला दिसत नव्हतं. मग धप्पकन आवाज, आणि जुना मोतद्दार ओरडला, "मादी! मादी आहे!" ठिणगी हळूच हुंकारली. तो आवाज तिने यापूर्वी कधी काढला नव्हता. मला तिचे सगळे आवाज माहीत आहेत.

मी डोळे पुसत होतो तेव्हा मोठे डॉक्टर हळूच म्हणाले, "तुमची भाची माझ्यापेक्षा चांगली डॉक्टर होणार."

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

खरं तर पहिल्या वेळीच मला स्पष्ट ऐकू आलं होतं.

तुझा,
मामा